राघोजीच्या उत्तरावरची लाल फुली

अकोले तालुक्यातल्या आमच्या शाळेत पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि वरून येणारे फोन यांतून उरेल त्या वेळात शिकवायचं असतं. त्या मंगळवारी सातवीच्या वह्या तपासत होतो. प्रश्न होता, 'राघोजी भांगरे कोण होते?' एका मुलीनं लिहिलं होतं, 'आमचे नाईक. सावकारांनी जमिनी लुबाडल्या म्हणून त्यांनी त्यांची नाकं कापली.' मी लाल फुली मारून खाली लिहिलं, 'दरोडे घालणारा बंडखोर.' चौदा वर्षं मुलांना हेच लिहून देत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा वही घेऊन आले. आवाज चढवला नाही.

"गुरुजी, आमच्या राघोजीला दरोडेखोर तुमी लिवलं का?"

"बाबा, पुस्तकात तसंच आहे."

"मंग जिमिनी ज्यांनी खाल्ल्या, त्यांना पुस्तकात काय लिवलंय?"

मला उत्तर देता आलं नाही.

रात्री माझ्या जुन्या नोट्स बाहेर काढल्या. त्या माझ्या शिक्षकांच्या नोट्सवरून, त्या जुन्या पुस्तकांवरून, आणि मागे मागे जावं तर 1884 चं नगर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ. ज्या सरकारनं राघोजींना 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढवलं, त्याच सरकारनं ते छापलं. म्हणजे मी चौदा वर्षं फिर्यादीचा कागद इतिहास म्हणून शिकवत होतो.

जास्त लागलं ते पुढचं. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. ते मी 'शेतकऱ्यांचा उठाव' म्हणून शिकवतो, चौकशी आयोग आणि शेतकऱ्यांना सावकारांपासून संरक्षण देणाऱ्या 1879 च्या कायद्यासकट. सावकारी तीच, राग तोच. आमच्या डोंगराळ डांगाणातल्या महादेव कोळी आदिवासीनं, म्हणजे राघोजींनी केलं की मात्र दरोडा!

2 मे उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, म्हणून परिपाठात राघोजींचं नावही निघत नाही. प्रशिक्षणं ढीगभर झाली, पण स्थानिक इतिहासाला त्यांत एक तासही मिळाला नाही.

गुरुवारी आजोबांना वर्गात बोलावलं. खुर्ची दिली, तरी ते मुलांसमोर सतरंजीवरच बसले. फाशीचं सांगताना त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलं लिहायची थांबली.

नातीच्या वहीतली फुली मी खोडली, बरोबरची खूण करून सही केली. मग माझ्या पहिल्या तुकडीतला एक विद्यार्थी आठवला, आता तोही शिक्षक आहे. काल त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मी अजून तुमच्याच नोट्स देतो मुलांना."