सोबत्याचं वय सतरा

20 नोव्हेंबर 2024, विधानसभेचं मतदान, आणि मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात केंद्राध्यक्ष. एरवी झेडपीच्या शाळेत सातवीला शिकवतो. इलेक्शन ड्युट्या बऱ्याच केल्यात, पहाटे साडेपाचला मॉक पोल, सात ते सहा मतदान, मग रात्री साहित्य जमा करायला रांग, हे सगळं अंगवळणी पडलंय. पण त्या दिवसाचं एक मत अजून डोक्यातून जात नाही.

गाव निम्मं रिकामं होतं. दिवाळी झाली की ऊसतोडीचे कोयते निघतात, मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. यादीत एकेका घरातली पाच-पाच नावं आणि येतंय कोण, तर मागं राहिलेली म्हातारी माणसं. सैनिकाला पोस्टानं मत देता येतं, मलाही ड्युटीवर असल्यामुळं टपाली मत मिळतं, ऊसतोड कामगाराला ती सोय नाही. कारखान्यावर गेला की त्याचं मत गेलंच.

अकराच्या सुमाराला एक आजी आल्या, दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, हात नातवाच्या खांद्यावर. पोरानं प्लास्टिकच्या पिशवीतून तिचं आधार आणि मतदार चिठ्ठी काढून नीट टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सर, आज्जीला दिसत न्हाई, बटन मी दाबतो." अंध मतदाराला सोबती नेता येतो, त्याचं घोषणापत्र भरून घ्यायचं असतं, मी कागद काढला पण पोराच्या तोंडाकडं बघून त्याचंही आधार मागितलं. जन्म फेब्रुवारी 2007. म्हणजे सतरा पूर्ण, अठराला तीन महिने कमी. निवडणूक नियमात 49 एन मध्ये स्पष्ट लिहिलंय, सोबती अठराच्या आतला चालत नाही.

एक पोलिंग एजंट म्हणाला, जाऊ द्या सर, पोरगंच तर आहे. दुसरा लगेच उठून उभा, म्हणे नियम म्हणजे नियम. मी नियमानंच गेलो, माझ्या टेबलावर एकाला वाकवला की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना वाकवावा लागतो. आजींना म्हटलं, गावातलं दुसरं कुणीतरी मोठं माणूस घ्या. तर त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातात मत देऊ? त्यो काय दाबल कुणाला ठावं."

पोरगं वाद घालत बसलं नाही. फक्त एवढंच बोललं की सर, मायबाप कर्नाटकात कारखान्याला हायत, आज्जीचं श्रावणबाळचं पैसं मीच काढून आणतो, रेशनची केवायसी मीच केली, पीक विम्याचा फॉर्मबी मीच भरला, तवा कुणी वय इचारलं न्हाई. मग आजीला हात धरून बाहेर घेऊन गेलं. दाराबाहेर भिंतीवर उमेदवारांची यादी चिकटवलेली असते, तिथं उभं राहून तिच्या कानाशी हळूहळू वाचून दाखवत होतं, मला खिडकीतून दिसत होतं, आजी मान हलवत होत्या आणि अंगठ्यानं बोटाची पेरं मोजत होत्या.

पाच मिनिटांनी परत आल्या, म्हणाल्या मी एकटी जाते. रजिस्टरवर अंगठा, तर्जनीला शाई, आमच्या बाईंनी कंट्रोल युनिटचं बटण दाबलं आणि आजींना पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत सोडलं. बटणाशेजारी ब्रेल आकडे असतात पण म्हातारपणी नजर गेलेल्या बाईला ब्रेल कुठून येणार. आतून नुसता काचेच्या बांगड्या मशीनवर घासल्याचा आवाज, थांबायचा, परत वरून सुरू व्हायचा. रांग कुरकुरायला लागली, मी हातानंच गप्प केलं. आणि मग बीप वाजली, ती लांबलचक बीप. "पडलं का रं?" आजी आतूनच ओरडल्या. दारातून पोरगं म्हणालं, "पडलं, आज्जे."

सोळा-सतराच्या पोरांना मत द्यावं का हा विषय निघाला की स्टाफरूममध्ये मी कायम नको म्हणणाऱ्यांत असायचो, पोरं काय घरचे सांगतील तिथं शिक्का मारतील हा माझाच मुद्दा. आता तो मला मांडता येत नाही. 61व्या घटनादुरुस्तीनं 1989 मध्ये वय एकवीसचं अठरा झालं, माझ्या थोरल्या भावानं त्या वर्षी पहिलं मत दिलं, तेव्हाही गावातली शहाणी माणसं हेच म्हणत होती. ब्राझीलमध्ये 1988 च्या राज्यघटनेपासून सोळा-सतराच्या मुलांना मत आहे, सक्ती नाही एवढंच. ऑस्ट्रियानं 2007 मध्ये सोळा केलं. आपल्याकडं एकदम विधानसभा-लोकसभा नको वाटत असेल तर ग्रामपंचायतीपासून तरी सुरू करा असं मला मनापासून वाटतं, गावातल्या नळाला पाणी येतंय का आणि शाळेपर्यंत एसटी येते का हे सतराच्या पोराइतकं कुणाला माहीत असतं? आणि सोळाच्या पोरावर गंभीर गुन्ह्यात मोठ्यासारखा खटला चालवता येतो, ती तरतूद आपण 2015 च्या बाल न्याय कायद्यात केलीच आहे की.

जेवणाच्या वेळेला डबा घेऊन व्हरांड्यात आलो तर आजी-नातू पायरीवरच बसलेले. त्याला म्हटलं, सतरा पूर्ण झालेत ना, मग मतदार नोंदणीचा फॉर्म 6 आत्ताच भरून ठेव, आगाऊ घेतात, अठरा झाला की नाव येईल. त्यानं मोबाईलवर लगेच ॲप शोधायला घेतलं.

"पुढची आमदारकी कवा, सर?"

"2029."

त्यानं ॲप डाऊनलोडला लावलं, रेंज नव्हती, गोल फिरत राहिला. मोबाईल उंच धरून तो पायरीवर उभा राहिला, आणि आजी विचारत होत्या, काय झालं रं, तुझंबी पडलं का.