राठ केसांची नोंदवही: बोअरचं पाणी, जवसाचं जेल आणि मेंदीची रेघ

आठवडा ०. जानेवारी, सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस

केस कुरळे, मध्यम जाडीचे. स्ट्रेटनिंग नाही, ब्लीच नाही, रंग फक्त मेंदीचा. हात फिरवला तर कडबा लागावा तसे राठ. ओल्या बटेतली एक तार दोन बोटांत धरून हळू ताणली तर जेमतेम लांबते आणि कट्‌कन तुटते. निरोगी ओली तार मूळ लांबीच्या पाव-एक पट ताणली जाते आणि सोडली की परत येते. च्युइंगगमसारखी लांबून तशीच राहिली तर दुखणं वेगळं: आतलं प्रोटीन गेलेलं. त्या केसांना ही नोंदवही पुरणार नाही.

"केस वाढतच नाहीत" ही तक्रार मापाशिवाय मान्य करायची नाही. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंमी वाढतो, राठ केससुद्धा. मुळाशी किती निघालं आणि टोकाशी किती तुटलं, हा हिशेब मांडायचा. मेंदी लावणाऱ्यांकडे त्यासाठी आयती खूण असते. कानशिलावरच्या पिकलेल्या केसांत मेंदी जिथे संपते तिथे पांढऱ्या आणि तांबड्याची स्वच्छ रेघ दिसते. टाळूपासून त्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे नवी वाढ. म्हणून चार महिने मेंदी बंद. केस पिकलेलेच नसतील तर महिन्याला १ सेंमी धरून चाला.

दुसरं माप लांबीचं. कपाळावरची, कानामागची आणि मानेवरची अशा तीन बटा ठरवून ठेवल्या. ओल्या असताना ताणून, शिंप्याच्या टेपने, दर चार आठवड्यांनी. कुरळा केस कोरडा मोजलात तर हवामानाप्रमाणे दोन सेंमी इकडेतिकडे होतो आणि उगाच आनंद किंवा दुःख होतं.

तिसरं माप बहुतेक जण टाळतात. न्हायच्या दिवशी पांढरा कपडा अंथरून त्यावर विंचरायचं आणि पडलेलं वेगळं करायचं. एका टोकाला पांढरट गाठ असेल तर तो मुळासकट गळलेला केस. असे रोज ५० ते १०० गेले तरी बिघडत नाही, आणि चार दिवसांनी न्हाणाऱ्याचे साठलेले एकदम दिसतात. दोन्ही टोकं बोथट असतील तर तो तुटका तुकडा. पहिल्या दिवशी मुळासकट ३८, तुकडे ६४. म्हणजे दुखणं मुळात नाही, लांबीत आहे.

फाटे फुटलेली टोकं २ सेंमी कापली. कुठलंही सीरम फाटा सांधत नाही, तात्पुरता चिकटवतं. फाटा तसाच ठेवला तर वर चढत जातो. कात्री केस कापायचीच हवी. स्वयंपाकघरातल्या कात्रीने टोक चेंगरतं आणि तिथेच पुढचा फाटा फुटतो. कापल्यावर सरासरी लांबी ४४ सेंमी, इथून मोजणी सुरू.

आठवडा १. पाणी

सोलापुरात तेल-शाम्पूच्या आधी बादलीकडे बघावं. नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअरचं. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्ट खडकातून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तेच क्षार केसावरही बसतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं आहे. मत्स्यालयाच्या दुकानात थेंब मोजायचं किट मिळतं, त्यावर घरच्या बोअरचं पाणी ५०० च्या पुढे गेलं. किट नसेल तर बाटलीत पाणी आणि अंगाच्या साबणाचा कीस टाकून हलवा. फेसाऐवजी दह्यासारखे कण तरंगले की उत्तर मिळालं.

केलेले बदल तीन.

न्हायचा दिवस नळाच्या पाण्याच्या दिवसाला बांधला. रविवार सोडून द्यावा लागतो, इलाज नाही.

जुना थर काढायला एकदाच क्षार काढणारा शाम्पू. घटकांच्या यादीत टेट्रासोडियम ईडीटीए वरच्या भागात हवं. यादीच्या तळाला चिमूटभर डायसोडियम ईडीटीए जवळपास सगळ्याच शाम्पूत असतं, त्याने हे काम होत नाही. फेस ३ मिनिटं ठेवून धुतला. नंतर केस खरखरीत लागतात, घाबरू नका. थर गेल्यावर केसाची खरी अवस्था हाताला कळते. लगेच कंडिशनर १५ मिनिटं. पुन्हा चार आठवड्यांनी, त्याआधी नाही.

शेवटचं पाणी आंबट. १ लिटर पाण्यात १५ मिलि साधं पांढरं व्हिनेगर. पीएचची पट्टी ४ ते ५ च्या मधे यायला हवी. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतात, म्हणून तेच प्रमाण आरओच्या पाण्यात जास्त आंबट पडतं. आरओ वापरत असाल तर ५ मिलि बस झालं. लिंबू पिळून ओतणाऱ्यांना एवढंच: लिंबाचा आंबटपणा प्रत्येक फळात वेगळा, आणि गराचे कण कुरळ्या केसांत अडकून बसतात.

एक चूक इथे घरोघरी दिसते. आरओ मशीन बाहेर टाकून देतं ते पाणी वाया जाऊ नये म्हणून डोक्यावरून घेतात. त्या पाण्यात गाळून काढलेले सगळे क्षार जमा झालेले असतात. फरशी पुसा, संडासात टाका, केसांना नको.

आठवडा २ ते ४. तेल आणि न्हाणं

खोबरेल तेल न्हाण्याआधी, न्हाल्यावर नाही. यामागे कारण आहे. ओला केस फुगतो, वाळला की आकसतो, आणि या फुगण्या-आकसण्यात वरचे खवले उचकटतात. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं, ते केसाच्या आत शिरतं आणि फुगणं कमी करतं. २००३ साली मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधन विभागातून आलेल्या अभ्यासात खोबरेलाने केसातल्या प्रोटीनची झीज कमी केली, सूर्यफूल आणि खनिज तेलाने ती केली नाही. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवून वाचावं, पण रेणूचा मुद्दा बिनचूक आहे.

घाण्यावरचं करडईचं तेल इथे ताजं आणि स्वस्त मिळतं, म्हणून आधी तेच करून पाहिलं. ते आत फारसं जात नाही, वरून गुळगुळीतपणा देतं. शिवाय लवकर खवट होतं, आणि उशीच्या अभ्र्याला लागलेला तो वास दोन धुण्यांत जात नाही. आता फक्त टोकांना, वाळल्यावर, ३-४ थेंब.

पद्धत: खोबरेल १० ते १२ मिलि, कानाच्या खालच्या लांबीलाच. जानेवारीच्या सकाळी बाटली थिजलेली असते, गरम पाण्यात उभी करा, गॅसवर नको. तासभर पुरतं. रात्रभर ठेवल्याने फार फरक दिसला नाही. टाळूला कोंडा असेल तर तिथे तेल नकोच. कोंड्यामागची मॅलासेझिया नावाची बुरशी तेलावरच जगते.

टाळूला शाम्पू, तोही पाण्यात सैल करून. लांबीला वरून ओघळणारा फेस पुरतो. शिकेकाईवाल्यांसाठी: ३ टेबलस्पून पूड ३०० मिलि कोमट पाण्यात रात्रभर भिजवून मलमलीतून दोनदा गाळा. न गाळता चोळलीत तर पूड घासणीसारखी लागते. कठीण पाण्यात ती साबणासारखी फुटत नाही, हा तिचा मोठा गुण. रिठा मात्र राठ केसांना जास्तच कोरडं करतो, इथे वापरला नाही.

मग कंडिशनर, २५ मिलि. हात आखडता घेऊ नका. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो, कंडिशनरमधलं बेहेन्ट्रायमोनियम धन भाराचं, त्यामुळे जिथे झीज जास्त तिथेच ते जास्त चिकटतं. यादीतलं सेटिअरिल अल्कोहोल बघून बाटली परत ठेवू नका, ते मेणचट आणि मऊ करणारं असतं. कंडिशनर केसांवर असतानाच मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून वर गुंता काढायचा. बट मुठीत धरा आणि मुठीखालचंच विंचरा, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही.

आणि टॉवेल. सोलापुरी टेरी टॉवेलची ख्याती आपल्या जागी, अंग पुसायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण त्याच्या फासांत कुरळा केस अडकतो आणि खसाखसा पुसलं की तुटतो. जुन्या मऊ धोतराचा तुकडा घेऊन केस दाबून टिपले. या एका बदलाने दुसऱ्याच न्हाण्याला तुकडे ६४ वरून ४७ वर आले.

चौथा आठवडा: नवी वाढ १.१ सेंमी, लांबीत भर ०.२.

आठवडा ६. जवसाचं जेल, पहिलं फसलेलं

४० ग्रॅम जवस, ५०० मिलि पाणी. पहिल्यांदा १५ मिनिटं उकळून गार होऊ दिलं. सकाळी पातेल्यात दाण्यांसकट एकसंध गोळा, चाळणीतून थेंब उतरेना. जवस मंद आचेवर ढवळत ठेवायचा आणि नजर चमच्यावर. चमचा वर काढला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरून पाणी खाली उतरतं, बुडबुडे वर यायच्या ऐवजी मधेच अडकतात. बहुधा ७ ते ८ मिनिटांत. त्याच क्षणी गॅस बंद, आणि गरम असतानाच गाळायचं. मलमल तुंबते. जुना धुतलेला नायलॉनचा मोजा ताणून घ्या आणि चिमट्याने वरून खाली दाबत आणा.

साधारण ३०० मिलि निघतं. फ्रिजमध्ये आठवडाभर, त्यापुढे आंबूस वास येतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर महिनाभर, एका न्हाण्याला तीन खडे. केस पाणी टिपकत असतानाच लावायचं. अर्धवट वाळल्यावर लावलं तर पांढरे पापुद्रे सुटतात आणि लोक कोंडा झाला म्हणून घाबरतात. वाळून कडक झालं की तळहाताला तेलाचे दोन थेंब लावून केस मुठीत चुरगळा, कडकपणा जातो, वळण राहतं.

जेल केसाला पाणी पाजत नाही. पातळ थर धरून घर्षण कमी करतं. राठपणाला आपण सहज कोरडेपणा म्हणतो, पण झिजलेला केस उलट पाणी जास्तच शोषतो. हाताला जो राठ लागतो तो उचकटलेल्या खवल्यांचा खडबडीतपणा.

आठवडा ८

नवी वाढ एकूण २.२, लांबीत भर ०.९. तुकडे २९. ताणलेली तार आता तुटायच्या आधी रबरासारखी थोडी मागे येते. दुसरं काही नाही.

आठवडा ९ ते १२. मार्च

वेणी घट्ट घालणं बंद, रबराच्या जागी कापडी बंध. गजऱ्याचा आकडा रोज एकाच जागी खोचला तर तिथलेच केस तुटतात, जागा बदलत राहा. झोपताना सॅटिनचा अभ्रा.

ओले केस तासन्‌तास बांधून ठेवणंही बरं नाही. केस जितका वेळ फुगलेला, तितकी आतली वीण सैल. टिपून झाल्यावर ड्रायर मंद उष्णतेवर, १५ सेंमी लांब, सतत हलवत. ७० टक्के वाळले की बंद.

मुळासकट गळणारे केस याच काळात एकदम दुप्पट झाले असते तर तेल बदलून उपयोग नव्हता. ताप, बाळंतपण, उपासमारीचं डाएट यांचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी डोक्यावर दिसतो. तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून डॉक्टरांना दाखवा. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. टाळूवर नुसती चाई (केस गेलेला चट्टा) पडली तरी तेच: डॉक्टर, घरगुती लेप नाही.

माका, जास्वंद, कांद्याचा रस: या नोंदवहीत मुळाचा वेग चारही महिने तोच राहिला, म्हणून त्यांना रकाना दिला नाही.

बारावा आठवडा: वाढ ३.३, भर १.९. तुकडे १८.

आठवडा १३ ते १६. पारा चाळीशीपार

एप्रिलमध्ये पुन्हा राठ. कारण शोधायला दोन न्हाणी लागली. लीव्ह-इनमध्ये, म्हणजे न्हाल्यावर लावून न धुता ठेवायच्या कंडिशनरमध्ये, ग्लिसरीन यादीत दुसऱ्या क्रमांकावर. हवेत ओल असते तेव्हा ग्लिसरीन ती ओढून घेतं. आपल्या उन्हाळ्यातल्या दुपारी हवेत ओढायला काही नसतं, मग केस चिकट आणि टोकं तारेसारखी. ते लीव्ह-इन बाजूला ठेवलं, जेलखाली मटारएवढा नेहमीचा कंडिशनरच न धुता ठेवला. पावसाळ्यात ग्लिसरीन परत आणता येईल, जूनपर्यंत कपाटात.

दुसरा चोर स्कार्फ. गाडीवरून जाताना उन्हासाठी बांधलेला सुती स्कार्फ आणि वर हेल्मेट, दोन्ही मिळून कपाळावरच्या बटेला घासतात. तीन बटांपैकी फक्त तीच मागे पडली होती, म्हणून सापडलं. स्कार्फखाली सॅटिनचा हातभर तुकडा.

सोळावा आठवडा: वाढ ४.४, भर २.७, तुकडे २१. कानामागची बट सगळ्यांत पुढे, कपाळाची ०.६ सेंमीने मागे.

पुढची कात्री जूनच्या पहिल्या न्हाण्याला, अर्धा सेंमी. मेंदी त्यानंतर, आणि लावायच्या आधी रेघेचा फोटो.