‘बॉयकॉट’ आणि ‘वाळीत टाकणे’

‘बॉयकॉट’ हे इंग्रजी क्रियापद मूळचे एका माणसाचे आडनाव आहे. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली. ती मनासारखी मिळाली नाही आणि वर बॉयकॉटने त्यांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा बजावण्याचा प्रयत्न केला. त्याच सप्टेंबरात चार्ल्स पार्नेल या आयरिश नेत्याने एनिस येथील सभेत, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, एवढेच नव्हे तर चर्चमध्येही कोणी संबंध ठेवू नये, असे आवाहन केले होते. तोच उपाय बॉयकॉटवर झाला. त्याचे मजूर काम सोडून गेले आणि दुकानदारांनी त्याला माल देणे थांबवले. अखेर बाहेरून आणलेल्या सुमारे ५० जणांनी सैन्याच्या पहाऱ्यात त्याचे पीक काढले, पण त्या बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला.

या कृतीला नाव हवे होते. ‘ऑस्ट्रसाइझ’ हे क्रियापद इंग्रजीत होतेच. प्राचीन अथेन्समध्ये खापरीवर नाव लिहून माणसाला दहा वर्षे हद्दपार करीत, त्या प्रथेवरून ते आले. मात्र ते शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून जॉन ओमॅली या स्थानिक धर्मगुरूंनी ‘बॉयकॉट’ सुचवले, असे सांगतात. ज्याच्यावर शस्त्र चालवले, त्याचेच नाव शस्त्राला मिळाले, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. शिवाय इंग्रजीत आडनावाला काहीही न जोडता त्याचे क्रियापद झाले. मराठीत आपल्याला ‘करणे’, ‘घालणे’ किंवा ‘टाकणे’ यांचा आधार घ्यावा लागतो.

१९०५ च्या वंगभंगानंतर लोकमान्य टिळकांनी स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य यांच्या जोडीला जो बहिष्कार पुकारला, तो याच अर्थाचा, म्हणजे सत्ता हाती नसलेल्यांनी सत्तेविरुद्ध वापरायचा होता. पण ‘बहिष्कार’ हा शब्द आपल्याकडे त्याआधीपासून होता आणि त्याची दिशा नेमकी उलटी होती. जातीने किंवा गावाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकायचे, त्याचे पाणी आणि रोटीबेटी व्यवहार तोडायचे, हा बळ असलेल्यांनी दुबळ्यांवर केलेला अन्याय होता. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये काढलेल्या पाक्षिकाच्या ‘बहिष्कृत भारत’ या नावात शब्दाचा हाच अर्थ आहे, आणि महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तोही याच अर्थाने.

म्हणून मी स्वतः लिहिताना पहिल्या अर्थी ‘बहिष्कार’ आणि दुसऱ्या अर्थी ‘वाळीत टाकणे’ असा भेद कटाक्षाने पाळतो.