ब्रिक्स ११

शिंगरू दिसायला झकास होतं, त्यामुळेच कुणाला शंका आली नाही. तासाभरात उभं राहिलं, दुसऱ्या तासात आईला लुचायलाही लागलं. मालक निफाडकडचे द्राक्षबागायतदार, वयाने मोठे. गावात सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली ही गाभण मारवाडी घोडी त्यांचा जीव की प्राण. मला बोलावलं होतं ते फक्त नाळेला औषध लावायला.

मी पेटी आवरत असताना घोडीची देखभाल करणारा मोतद्दार कौतुकाने बोलून गेला, "लई दुधाळ घोडी आहे साहेब. आठवडाभर सडातून टिपकत होतं. मागचे दोन दिवस तर पिळून काढलं."

माझे हात तिथेच थांबले. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, पिलापर्यंत पोचतच नाहीत. शिंगरू कोरं जन्मतं. रोगाशी लढायची जी काही ताकद मिळायची, ती पहिल्या चिकातून. आणि ती शोषून घेणारं आतडं पहिल्या सहा-आठ तासांनंतर मंदावतं, चोवीस तासांत बंदच होतं. घोडी चीक एकदाच तयार करते. तो गोठ्यात सांडला की मागून येतं ते नुसतं दूध.

"पिळायला कुणी सांगितलं?" तर आमच्यातल्याच एका जनावरांच्या डॉक्टरने, फोनवर. कास ताठलीय ना, मग मोकळी करा. आमच्या शिक्षणात गाय-म्हैस डोंगराएवढी आणि घोडा चिमूटभर, त्यामुळे घोडी ही बिनशिंगांची गाय समजून औषधपाणी चालतं.

चिकाचा कस बघायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. माझ्याकडे नव्हता, पण तेच यंत्र द्राक्षवाले ब्रिक्स मीटर म्हणून वापरतात, आणि बागायतदाराच्या घरात ते नाही असं निफाडात होत नाही. आप्पांनी द्राक्षांची गोडी बघायचा आपला आणून दिला. काचेवर दुधाचा थेंब टाकला, झाकण लावलं, उजेडाकडे धरलं. घोडीचा चांगला चीक वीस ब्रिक्सच्या वर जातो. मी मीटर आप्पांच्या हातात दिला. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, काच पुसून पुन्हा थेंब टाकला, पुन्हा पाहिलं.

"अकरा?" ते म्हणाले. "अकराला तर मी घडाला कात्रीसुद्धा लावत नाही."

माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने झालं नसतं ते त्या काचेने केलं.

पुण्याकडच्या स्टड फार्मवरच्या मित्राला फोन केला. गोठवलेला चीक त्याच्याकडेही उरला नव्हता. शेजारच्या वस्तीवर रात्रीच व्यालेल्या गाईचा चीक आणून बाटलीने पाजला. गाईची प्रतिपिंडं शिंगराच्या रक्तात फार टिकत नाहीत, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगराचं रक्त काढून सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तावरच्या पाण्यात, ग्लुटराल्डिहाइड हे रसायन टाकलं. प्रतिपिंडं पुरेशी, म्हणजे डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर असतील, तर दहा मिनिटांत ते गोठतं. तास उलटला तरी ते पाण्यासारखं हलत होतं. म्हणजे ४०० सुद्धा नाहीत.

मग प्लाझ्मा, म्हणजे दुसऱ्या घोड्याच्या रक्तातला पेशींवाचूनचा पातळ भाग; त्यात तयार प्रतिपिंडं असतात. आप्पांचा वरातीतला खच्ची घोडा धडधाकट. त्याचं रक्त माणसांच्या रक्तपेढीत वापरतात तसल्या चार पिशव्यांत घेतलं. घोड्याच्या रक्ताची एक सोय आहे: त्यातल्या तांबड्या पेशी भराभर खाली बसतात. यंत्र लागत नाही. पिशव्या ओसरीवरच्या खुंटीला टांगल्या आणि चहा होईपर्यंत वर गव्हाळ पिवळा थर दिसायला लागला. तेवढाच वेगळा करून जवळजवळ लिटरभर, गाळणीच्या नळीतून, श्वास मोजत हळूहळू शिरेतून दिला. हे काम मला मनापासून आवडतं, हेही सांगून टाकतो.

शिंगरू जगलं. आठवड्याने मागच्या पायाचा एक सांधा सुजलाच. प्रतिजैविकांनी उतरला, पण तो पाय अजून जरा आखडून टाकतं.

आप्पांचं एकच पालुपद: "खाण्यात काही कमी केलं नाही." खरंच नव्हतं केलं. तूप, गूळ, हरभरा आणि घमेलंभर गव्हाचा कोंडा. घोडी आरशासारखी चमकत होती. पण कोंड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस आठ-नऊ पट. पोटातलं पिलू निम्म्याहून अधिक वाढतं ते शेवटच्या तीन महिन्यांत. कॅल्शियम कमी पडलं की घोडी ते स्वतःच्या हाडांतून देते. तांबंही पिलाच्या यकृतात तेव्हाच साठतं, कारण दुधात ते जेमतेम असतं. लसूणघास नाही, खनिज मिश्रण नाही, व्यायच्या महिनाभर आधीची धनुर्वाताची लस नाही. आपल्याकडे घोडी वरातीसाठी खाऊ घालतात, शिंगरासाठी नाही.

तरी टिपकण्याचा दोष मी चाऱ्याला देत नाही. मोतद्दार वार पुरायला निघाला होता, ती मी ओल्या फरशीवर पसरून बघितली होती. गर्भाशयाच्या तोंडाशी येणारा भाग जाड, तपकिरी, चिकट. खालून चढलेला संसर्ग. मुदतीआधी दूध उतरणं ही त्याचीच खूण, तीही आठवडाभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्या आठवड्यात कुणी दाखवली असती तर प्रतिजैविकांनी काही साधलं असतं का, यावर मी अजून स्वतःशीच भांडतो आहे. चीक तरी बाटलीत भरून गोठवता आला असता.

आप्पांनी परवा विचारलं, व्यायल्यानंतर नवव्या दिवसाच्या माजाला घोड्याला दाखवायची राहिली, आता पुढच्या माजाला दाखवू का, घोडा ठरवलाय. मी नाही म्हटलं. गर्भाशयाचा नमुना प्रयोगशाळेत आहे, अहवाल यायचा आहे. घोडेवाल्याचे मात्र त्यांना रोज फोन येतात.