चार किलोच्या लाइनीला तीनशेचा फ्लँज कशाला?

गरम तेलाच्या पंपाच्या डिस्चार्जपाशी, पाइपावरच्या लॅगिंगमधून, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या वेष्टनातून, धूर निघत होता. जाळ नव्हता, खाली ठिबकलेलंही काही दिसत नव्हतं. क्लॅडिंगच्या पत्र्याच्या सांध्यातून एक पांढरट रेघ वर चढत होती, एवढंच. मी कुरकुंभ एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात गेलो होतो स्टीम ट्रॅप बघायला. थर्मिक फ्लुइडच्या, म्हणजे उष्णता पोचवायला फिरवायच्या तेलाच्या, हीटरशी त्या दिवशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण वर्षानुवर्षं पाइपिंगची कामं घेतल्यावर नाक गप्प बसत नाही.

"नेहमीचंच आहे साहेब," ऑपरेटर म्हणाला. "पाऊस झाला की निघतं. रॉकवूल भिजतं ना."

भिजलेल्या रॉकवूलची, म्हणजे लॅगिंगमधल्या दगडी लोकरीची, वाफ निघते हे खरं, पण तिला करपलेल्या तेलाचा वास येत नाही. मी हे म्हणेपर्यंत त्यांचा हेल्पर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पत्रा उचकटायला बसला होता. त्याचा हात धरून त्याला बाजूला ओढावं लागलं. गरम तेल रॉकवूलमध्ये मुरलं की हजारो तंतूंवर पातळ पसरतं आणि आतल्या आत सावकाश जळत राहतं. उष्णता बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे कॅटलॉगमध्ये दिलेल्या पेटण्याच्या तापमानाच्या बरंच खालीही ते धुमसू शकतं. जाळ होत नाही, कारण हवा पुरत नाही. पत्रा उघडला की ती मिळते.

बर्नर बंद करायला सांगितलं, तर ऑपरेटर पंपाचंही बटण दाबायला निघाला. गळतीचा जॉइंट पंपावरच, म्हणजे त्याचं चुकत होतं असंही नाही. पण बर्नर बंद झाला तरी भट्टीच्या विटा तापलेल्याच असतात. कॉइलमधलं तेल उभं राहिलं तर तिथेच करपून कोळसा धरतं, आणि मग अख्खी कॉइल बदलायची वेळ येते. स्टँडबाय पंप होता, पण त्याची मोटर रिवाइंडिंगला गेलेली. तेव्हा गळका पंप चालूच ठेवायचा, आग विझवायच्या पावडरची सिलिंडरं हाताशी घेऊन उभं राहायचं आणि रिटर्नचं तापमान १०० अंशांखाली यायची वाट बघायची, एवढंच हातात होतं. एकाने पाण्याचा होज ओढत आणला. त्याला परत पाठवला. तापलेल्या तेलात पाणी गेलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि ती तेलासकट अंगावर येते.

सगळी दुपार त्यात गेली.

थंड झाल्यावर लॅगिंग काढलं तेव्हा रॉकवूल काळं, चिकट, मधोमध राख झालेलं. आतला जॉइंट मात्र बघण्यासारखा होता. पंप जर्मन धाटणीचा, त्याचा फ्लँज, म्हणजे बोल्टांनी जोडायची कडेची चकती, युरोपीय मापाचा: डीएन १००, पीएन १६. पाइपाला लावलेला होता चार इंची, दीडशेच्या वर्गाचा, एएसए, म्हणजे अमेरिकन मापाचा. दोन्हींना आठ-आठ होल, बाहेरून बघितलं तर भाऊ-भाऊ. पण पीएन १६ चं पीसीडी, म्हणजे बोल्टांची होलं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, १८० मिलिमीटर आणि दीडशेचं १९०.५. प्रत्येक होल पाच मिलिमीटरनं बाहेर. मग कुणीतरी गॅस कटर लावून पाइपाकडची आठही होलं आतल्या बाजूला लांबवली होती. ती रेझ्ड फेसच्या, म्हणजे गॅस्केट बसतं त्या मधल्या उचललेल्या भागाच्या, इतकी जवळ आली होती की मध्ये जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर लोखंड उरलेलं. नटांखाली वॉशर नाही, त्यामुळे नट अर्धा लोखंडावर, अर्धा हवेत. आठांपैकी दोन बोल्टांच्या डोक्यावर काहीच खूण नाही, म्हणजे बाजारातले साधे एमएस, मऊ पोलादाचे. बाकीचे बी-७ चे, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचे स्टड.

आणि मध्ये गॅस्केट होतं साध्या जॉइंटिंग शीटचं. ते फ्लँजवर ठेवून, हातोडीनं कडेकडेनं ठोकून कापलेलं. बहुतेक फिटर हे असंच करतात. त्यात फ्लँजच्या तोंडावरच्या बारीक चऱ्या ठेचल्या जातात, हे कुणी त्यांना सांगत नाही. वरून ग्रीसही लावलेलं, पुढच्या वेळी सुटायला सोपं जावं म्हणून. शीटमधलं रबर २८० अंशांना कडक होऊन बिस्किटासारखं मोडत होतं.

आता ही शीट तिथे आली कशी? स्टोअरमध्ये तर चांगली स्पायरल वाउंड गॅस्केटं, म्हणजे पोलादी पट्टी आणि भरण गोल गुंडाळून केलेली, पडून होती. कडेला पिवळा रंग आणि त्यावर करडे पट्टे, म्हणजे ३०४ स्टेनलेस आणि ग्रॅफाइट. तेलाला अगदी योग्य. पण ती चार इंची दीडशेच्या मापाची, त्यांच्या बाहेरच्या कड्याचा व्यास जवळजवळ १७५ मिलिमीटर. पीएन १६ च्या बोल्टांच्या आत १६२ चंच कडं बसतं. गॅस्केट बसेना म्हणून स्टोअरवाल्यानं शीट दिली. त्याआधी होलं जुळेनात म्हणून फिटरनं ती लांबवली. त्याच्याही आधी कुणीतरी नुसतं 'फ्लँज ४ इंच' एवढंच लिहून इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवलं होतं. प्रत्येकानं आपल्यापुरती अडचण सोडवली होती.

संध्याकाळी खरेदीचे साहेब आले. माणूस चांगला, आकडे तोंडपाठ. मी हीटरच्या बाकी जॉइंटांसाठी तीनशेचे वेल्ड नेक फ्लँज लिहून दिले होते, ते बघून म्हणाले, "लाइनीत प्रेशर चौरस सेंटिमीटरला चार किलो. दीडशेचा फ्लँज वीस किलो घेतो. मग तीनशेचे पैसे कशाला घालायचे?"

कागदावर त्यांचं बरोबर होतं. दीडशे हे वर्गाचं नाव, १५० पीएसआय नव्हे. कार्बन स्टीलचा तो फ्लँज थंड असताना १९.६ बार घेतो (एक बार म्हणजे जवळपास एक किलोच) आणि ३०० अंशांनाही १०.२ बार. चार किलोला भरपूर. पण थर्मिक फ्लुइडच्या लाइनीत प्रेशर हा मुद्दाच नसतो. त्या तापमानाला तेल इतकं पातळ होतं की पाणी जिथून जाणार नाही तिथूनही ते झिरपतं. शिवाय लाइन रोज तापते, रोज निवते. अशा वेळी जॉइंट धरून ठेवतो तो बोल्टांचा ताण. स्पायरल वाउंड गॅस्केट साडेचार मिलिमीटरचं असतं, ते दाबून सव्वातीनच्या आसपास आणावं लागतं. दीडशेच्या फ्लँजला आठ बोल्ट पाच सूती (५/८ इंची), तीनशेला आठच, पण सहा सूती (३/४ इंची). बोल्टाचं पोलाद दीडपट. फ्लँजची जाडी २४ मिलिमीटरऐवजी जवळपास ३२, त्यामुळे आवळताना तो वाकत नाही. पैसे जातात ते या ताणासाठी.

हे मी त्यांच्याच टेबलावर, इंडेंटच्या पाठीमागे चित्र काढून सांगितलं. ते म्हणाले, "मग निम्मे फ्लँज कमी करा." इथे मात्र मी लगेच हो म्हटलं. हीटर ते हेडर, म्हणजे फाटे फुटतात तो मुख्य पाइप, या टप्प्यात असे कितीतरी जॉइंट होते जे कुणाला कधी खोलायचेच नव्हते. ते कापून सरळ वेल्ड केले. माझ्या मते गरम तेलाच्या लाइनीत जिथे व्हॉल्व्ह, पंप किंवा उपकरण नाही तिथे फ्लँज असूच नये.

पंपावर तीनशे शक्य नव्हता, पंपाचा फ्लँज आहे तोच राहणार. तिथे पाइपाकडे पीएन १६ चाच फ्लँज वेल्ड केला. गॅस्केट ग्रॅफाइट शीटचं घेतलं, मध्ये स्टेनलेसची टोचे पाडलेली पातळ पत्री असलेलं. कमी ताणातही ते बसतं, आणि ओतीव फ्लँजवर स्पायरल वाउंड करकचून आवळायची जोखीम मला नको होती. ग्रीस नाही, सगळे स्टड बी-७, खाली वॉशर. आवळणी समोरासमोर, तीन फेऱ्यांत, शेवटी एक फेरी गोल. टॉर्क पाना कारखान्यात होता. पेटीवरची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा कुणी काढली नव्हती.

वाद झाला तो लॅगिंगवरून. ऊर्जा बचतीच्या अहवालात उघडे फ्लँज म्हणजे तोटा, म्हणून तेही झाकलेले. मी ते उघडेच ठेवायला लावले, नुसतं पत्र्याचं गार्ड, खाली ठिबकायला जागा. फ्लँजमधून थोडी उष्णता जाते, मान्य. पण गळती पहिल्या थेंबाला दिसते.

तेल सावकाश तापवलं, आत राहिलेलं पाणी वाफ होऊन निघून जाऊ दिलं, मग २८० पर्यंत नेऊन पुन्हा पूर्ण थंड केलं आणि थंड असतानाच बोल्ट परत तपासले. बरेचसे थोडे थोडे फिरले.

निघताना खरेदीच्या साहेबांनी स्टोअरमधल्या त्या पिवळ्या गॅस्केटांचं काय करू विचारलं. विक्रेता परत घेणार नव्हता. स्टीमच्या लाइनीवर वापरा म्हटलं, पण आधी समोरचा फ्लँज मोजा. तिथे जुने व्हॉल्व्ह ब्रिटिश टेबलचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापांचे आहेत. चार इंचात टेबल एफचं पीसीडी दीडशेशी जुळतं, टेबल ईचं १७८ भरतं. आणि व्हॉल्व्ह बिडाचा, सपाट तोंडाचा असेल तर ही गॅस्केटं तिथे लावायचीच नाहीत, पूर्ण तोंडाची शीट लावायची आणि समोरच्या पोलादी फ्लँजचा रेझ्ड फेस खरडून सपाट करायचा, नाहीतर आवळताना बिडाचा फ्लँज तडकतो. त्यांनी ते स्टोअरच्या रजिस्टरात तिथल्या तिथे लिहून घेतलं आणि इंडेंटच्या छापील फॉर्मात पीसीडीचा एक रकाना वाढवायला सांगितला.