बाबांचे धुऱ्यावरचे साग: आमच्या मालकी प्रकरणाचा अनुभव

बाबा गेल्यावर पारशिवनी तालुक्यातलं चार एकर वावर आई, भाऊ आणि मी अशा तिघांच्या नावावर आलं. वारसांचा फेरफार सोपा गेला. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, नोटीस, पंधरा दिवसांत कुणाची हरकत नाही, झालं. खरी धावपळ झाली ती धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, चोवीस सागांपायी.

ही झाडं बाबांनी तीस वर्षांपूर्वी लावलेली. लहानपणी मी त्यांचं कोवळं पान तळहातावर चोळायची आणि लाल झालेला हात दाखवून आईला घाबरवायची. पेंचचं जंगल जवळ, त्यामुळे रानडुकरं हरभरा उकरून टाकतात. सौर कुंपणाच्या पैशासाठी त्यातली आठ झाडं विकायचं ठरलं. वावर आपलं, झाड बापानं लावलेलं, मग अडवणार कोण, असं भावाला वाटत होतं. तसं नसतं. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याप्रमाणे साग अनुसूचित झाडांत येतो. मालकीच्या जमिनीतला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, नसेल तर लाकूड हलवता येत नाही.

एक ठेकेदार घरी आला. ‘कागदाचं मी पाहतो’ म्हणत त्यानं उभ्या झाडांचा ठोक भाव सांगितला. आई तयार झाली होती, मी नाही म्हटलं. विनापरवाना तोड झाली तर विचारणा जमीनमालकालाही होते, आणि सातबारावर आईचं नाव पहिलं आहे.

जूनमध्ये तोडीच्या परवानगीचा अर्ज दिला. मालकीच्या झाडांच्या या फाईललाच मालकी प्रकरण म्हणतात. दीड महिन्यानं तो परत आला, कारण सातबारावर झाडांची नोंदच नव्हती! वर्षानुवर्षं फक्त कापूस आणि तूर लिहिलं गेलं होतं. ही गोष्ट पहिल्याच दिवशी खिडकीवर सांगता आली असती. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सपासून पारशिवनीपर्यंत मारलेले हेलपाटे आठवले की मला अजून राग येतो. शेवटी खरिपाच्या ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतकऱ्यानं मोबाईलवरून करायच्या पीकनोंदीत, भावानं बांधावरची झाडं फोटोसकट भरली आणि नोंद चढली.

मग जमिनीची मोजणी. तीन सागांवर शेजारचे काका हक्क सांगत होते, त्यामुळे ती टाळणं शक्यच नव्हतं. लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या. दिवाळीनंतर भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीनं जागा मोजणारं यंत्र, घेऊन आले. त्यांनी दाखवलेल्या जागी काकांनीच सब्बल मारली. हातभर खाली चुना लागलेला जुना हद्दीचा दगड निघाला. माती झटकून सगळे नुसते बघत राहिलो. दोन झाडं काकांच्या हद्दीत गेली. मी यादीतून ती तिथंच खोडली. काका म्हणाले, “पोरी, लावले तुह्या बापानं, पाणी बी त्यानंच घातलं. हे दोन म्या तोडत नाई.”

मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा नकाशा, जोडल्यावर फाईल खरंच पुढं सरकली. जानेवारीत वनरक्षक आले. छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर, टेपनं घेर घेतला, साल तासून नंबर टाकला, खुणेच्या छापाचा हातोडा मारला. सर्वांत जाड झाड १०८ सेंटीमीटरचं निघालं. प्रत्येक नंबर आणि घेर भाऊ वहीत लिहून घेत होता. तुम्हीही घ्या. ओंडक्यांच्या मोजमापाच्या वेळी एका ठिकाणी आकडा जुळेना, तेव्हा ही वहीच कामाला आली.

मार्चमध्ये, पानं झडलेली असताना, सहा झाडं उतरवली. टीपी हातात आल्यावरच ट्रॅक्टर हलू दिला. अर्जापासून नऊ महिने लागले. कुंपण उभं राहिलं, आईनं पहिल्या दिवशी स्वतः बटण दाबलं.

मृगाच्या पावसानंतर सहाही खुंटांना फुटवे आले, एकेकाला सात-आठ. जमिनीलगतचा, सरळ वाढलेला एकेक ठेवून बाकीचे आम्ही खुडले. उरलेल्या सोळा सागांची नोंद भावानं या खरिपातही भरली आहे. दगडाशेजारी सिमेंटचा खांबही रोवला, त्याचा अर्धा खर्च काकांनी दिला.