अस्सल चव कोणत्या काळातली?

परदेशी पदार्थांचा विषय निघाला की ‘खरी चव तिकडचीच’ असे कोणीतरी ठामपणे सांगतोच, आणि तिकडची म्हणजे कोणत्या काळातली, असे विचारण्याचा मोह मला आवरत नाही. इटलीच्या स्वयंपाकातला टोमॅटो आणि कोरियाच्या किमचीतली, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाज्यांतली, मिरची आज गृहीतच धरली जाते. परंतु १४९२ पूर्वी ही दोन्ही पिके अमेरिकेपलीकडे कोणालाच ठाऊक नव्हती. किमची त्याआधीही होत होती, मात्र तिला हा लाल रंग नव्हता.

सुशी या भात आणि माशाच्या जपानी पदार्थाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. जपानमधील बिवा सरोवराच्या परिसरात आजही होणारी फुनाझुशी हा तिचा जुना अवतार: मासा साफ करून मिठात मुरवायचा, नंतर शिजवलेल्या भातात थरावर थर रचून, वर वजन ठेवून, कित्येक महिने आंबू द्यायचा. तोवर भाताचा आंबट लगदा होतो आणि खाताना तो बहुधा निपटून टाकला जातो, कारण त्याचे काम मासा टिकवण्यापुरतेच असते. पुढे आंबवण्याचा काळ कमी होत गेला, भातही खाल्ला जाऊ लागला आणि त्यात व्हिनेगर घालण्याची पद्धत रुळल्यावर आंबटपणासाठी थांबण्याचे कारणच उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, ठेल्यापाशी उभ्याउभ्या खाण्याची निगिरी सुशी (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप) लोकप्रिय झाली. बर्फाअभावी ट्यूना सोया सॉसमध्ये मुरवून ठेवत आणि त्याच्या पोटाकडचा चरबीचा भाग, ज्यासाठी आज खवय्ये वाटेल ती किंमत मोजतात, तो लवकर नासतो म्हणून नकोसा असे. सॅमन तर परजीवींच्या भीतीने कच्चा खाल्लाच जात नसे. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला, तयार खाद्यावर वाढवलेला सॅमन जपानच्या गळी उतरवला, तेव्हा कुठे तो सुशीवर आला.

माणसांबरोबर पदार्थ गेला की बदलाचा वेग वाढतो. लेबनॉनमधून मेक्सिकोत स्थायिक झालेल्यांनी उभ्या सळईवर मांस भाजण्याची रीत सोबत नेली. तिथे मेंढीच्या जागी डुकराचे मांस आले, त्याला मिरच्यांचे वाटण लागले आणि ते मक्याच्या टॉर्टियात, म्हणजे पातळ भाकरीत, गुंडाळून टाको म्हणून खाल्ले जाऊ लागले. या टाकोला मेक्सिकोबाहेरचा ठरवण्याचे धाडस आज कोणी करणार नाही.

म्हणून प्रत्येक बदल मला पटतो असे मात्र नाही. निगिरीचा भात हाताला किंचित कोमट लागावा अशी अपेक्षा असते. तीच सुशी डब्यात भरून शीतकपाटात ठेवली की थंडीने भातातला स्टार्च ताठरतो, शिते टणक होतात आणि माशाची चव येण्याआधी दाताखाली भातच येतो. हा बदल खाणाऱ्याच्या आवडीतून आलेला नाही, तो विक्रेत्याच्या सोयीतून आलेला आहे.